मुलगा बोटीवर, बोट लागली आईला

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ५७. आम्ही शिरोड्याला राहतो. मोठा मुलगा मालवाहू बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे, वर्षातले सात-आठ महिने समुद्रावरच. या वेळी त्याने चारही बाजूंचं दिसतं तसल्या कॅमेऱ्याने बोटीचा व्हिडिओ काढून पाठवला. मे महिन्यात पुतण्या पुण्याहून व्हीआरचा हेडसेट घेऊन आला, डोळ्यांवर चष्म्यासारखा चढवायचा, की आपण चित्राच्या आतच आहोत असं वाटतं. त्याने आधी मला गंमत म्हणून रोलर कोस्टर दाखवला, तिथेच पोटात ढवळलं. मग मुलाचा व्हिडिओ लावला. तो कॅमेरा हातात धरून चालतो, जिने चढतो-उतरतो. दुसऱ्याच मिनिटाला तोंडाला पाणी सुटलं, घाम फुटला. घाबरून उठले ती ओटीच्या पायरीवरून खालीच गेले. पाय मुरगळला, ओकारी झाली, संध्याकाळपर्यंत डोकं जड. दोन वर्षांपूर्वी मला कूस बदलली की घर फिरायचं. कुडाळच्या डॉक्टरांनी कानातले खडे सरकलेत म्हणून सांगितलं आणि डोकं फिरवून बरं केलं. ते या चष्म्यामुळे परत होईल का? आमचे हे तरुणपणी ट्रॉलरवर जायचे. ते म्हणतात, "सवय झाली काय काय्येक होवचा नाय गो." गाडीची गोळी घेऊन बघू का? मला खेळबीळ काही नको. मुलगा कुठे झोपतो, कुठे जेवतो, तेवढं एकदा बघायचं आहे.

– बोटीवरच्या मुलाची आई

उत्तर

काकी, नमस्कार.

आधी पायाचं बघू. सूज अजून उतरली नसेल, किंवा त्या पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढून घ्या. लेप-बिप नंतर.

आता चष्म्याचं. तुम्हांला झालं त्याला आपल्या किनाऱ्यावर फार जुना शब्द आहे, बोट लागणं. घाटात गाडी लागते, समुद्रात बोट लागते, आणि तुम्हांला ती ओटीवर बसल्या बसल्या लागली. मुलगा तिकडे धडधाकट आणि ओकारी आईला, यात हसण्यासारखं नक्कीच आहे. घरचे हसले असतील तर सोडून द्या.

माझी आजी वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबईला जायची. पडावातून बोटीवर चढायचं, डेकवर वळकटी टाकायची. ती सांगायची, खाली केबिनमध्ये जाऊन पडलं की संपलं. वर वाऱ्यावर बस आणि नजर लांब किनाऱ्यावर ठेव. तिला कारण ठाऊक नव्हतं, पण उपाय अगदी बरोबर होता. केबिनच्या भिंती बोटीबरोबरच हलतात, म्हणून डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. हेलकावा मात्र कानाला कळत असतो. डोळे म्हणतात बसलोय, कान म्हणतो डोलतोय. डेकवर आलं, क्षितिज दिसलं, की दोघांचं एकमत होतं आणि पोट शांत होतं.

कान म्हणजे ऐकायचा नव्हे, त्याच्याही आतला. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांना डोकं कुठे वळलं ते कळतं. शेजारी दोन बारक्या पिशव्या असतात, त्यांना पुढे-मागे, वर-खाली जाणं कळतं आणि डोकं किती कललंय तेही. तिसरी खबर तळपाय, गुडघे, मानेचे स्नायू देतात. या तिघांच्या खबरी जुळवून मेंदू आपला तोल सांभाळतो. त्या जुळल्या नाहीत की मळमळतं, असं रीझन आणि ब्रँड या दोघांनी १९७५ साली सविस्तर मांडलं, आणि आजही बहुतेक सगळे तोच धागा धरून चालतात. पण मळमळच का? पाय का दुखत नाहीत? १९७७ मध्ये ट्रिसमन नावाच्या शास्त्रज्ञाने एक तर्क मांडला. डोळे आणि कान यांचं बिनसणं हे विषबाधेचंही लक्षण असतं, तेव्हा मेंदू समजतो की काहीतरी भलतं खाल्लं, काढा बाहेर. हा तर्क अजून तर्कच आहे, पण मला पटतो. गाडी लागलेल्या माणसाचा चेहरा बघा, काहीतरी वाईट खाल्ल्यासारखाच असतो.

हेडसेटमध्ये केबिनच्या बरोबर उलटं होतं. डोळे जिना चढतात आणि अंग खुर्चीतच असतं. आपल्या कोकण रेल्वेवर याची चव सगळ्यांनी घेतलेली आहे. मार्ग बराचसा एकेरी, म्हणून क्रॉसिंगला गाडी थांबते. तुम्ही खिडकीशी बसलेल्या असता, बाजूच्या रुळावरची गाडी सुटते आणि क्षणभर वाटतं आपलीच सुटली. पोटात हलकासा खड्डाही पडतो. मग पलीकडचा फलाट दिसतो आणि कळतं की आपण जागेवरच आहोत. हेडसेटमध्ये तो पलीकडचा फलाट नसतो. जिकडे मान वळवाल तिकडे चालणारी गाडीच.

आणखी एक गोष्ट. आंबोली घाटात मागच्या सीटवरचे पिशवी मागतात, पण ड्रायव्हरला कधी गाडी लागलेली ऐकलंय? पुढचं वळण त्याला आधी माहीत असतं, कारण ते तोच घेणार असतो. तुमच्या मुलाच्या व्हिडिओत वळण घेणारा तो होता, मान त्याची, पावलं त्याची, आणि तुम्ही मागच्या सीटवर. चालत्या माणसाच्या हातात धरलेला ३६० अंशाचा व्हिडिओ म्हणजे माझ्या मते हेडसेटमधला सगळ्यांत वाईट प्रकार, रोलर कोस्टरहूनही. रोलर कोस्टरचे रूळ निदान पुढे दिसत असतात. तेव्हा दोष तुमच्या कानाचा नाही आणि वयाचा तर नाहीच. तसला व्हिडिओ बघून विशीतली मुलंही आडवी होतात.

खड्यांचं सांगते. त्या पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी सूक्ष्म स्फटिक असतात. ते सुटून नळीत शिरले की कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना, वाकून उठताना घर गरागरा फिरतं, आणि थोड्या वेळात थांबतं. तुमचं डोकं ठरावीक क्रमाने फिरवून डॉक्टरांनी जे केलं, ती बहुधा एप्लीची पद्धत. अमेरिकेतल्या जॉन एप्ली या डॉक्टरने ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. औषध नाही, सुई नाही, नुसतं डोकं फिरवून खडे जागेवर. चष्म्यातलं चित्र बघून ते खडे सरकत नाहीत, चित्राला तेवढा हात लांब करता येत नाही. पण हेडसेट लावून झटकन वर बघितलंत, मागे वळलात, तर मान खरीच फिरते. आणि खडे आधीच थोडे सुटलेले असतील तर ते तेव्हा जाणवतील. ते परत उद्भवू शकतात, चष्मा असो वा नसो. म्हणून हेडसेट लावायच्या दिवशी सकाळी अंथरुणातच बघून घ्या. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, मग सावकाश उठून बसा. घर फिरलं तर त्या दिवशी हेडसेट नाही, कानाचे डॉक्टर.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मी माझ्या कामात रोज बघते. मी तोल गेलेल्यांना व्यायाम शिकवते. कानाचा त्रास होऊन गेला की माणसं तोलासाठी डोळ्यांवर जास्त विसंबायला लागतात. कान एकदा फसवून गेलाय ना, मग मेंदू त्याचं फारसं ऐकत नाही. अशांना मोठ्या दुकानात दोन्ही बाजूंना भरलेल्या फळ्यांमधून चालताना गरगरतं, मोबाईल भरभर सरकवला तरी गरगरतं, आणि हेडसेट तर डोळ्यांनाच फसवायला बनवलेला. तुम्हांला दुकानात किंवा एसटीच्या खिडकीतून पळती झाडं बघताना असं होतं का, ते आठवून बघा. होत असेल तर तुमची सुरुवात इतरांच्या निम्म्याने व्हायला हवी. गंमत अशी की हेच यंत्र आम्ही लोक उपचारासाठीही वापरतो, तोलाच्या व्यायामात, हाताशी माणूस उभा करून, मिनिटं मोजून. मात्र अर्धशिशीबरोबर चक्कर येणारे, किंवा कानात दडा बसून, आवाज येऊन, ऐकू कमी होऊन चक्कर येणारे, यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेटला हात लावू नये. फिट येणाऱ्यांनीही. आणि पेसमेकरवाल्यांनीसुद्धा, कारण हेडसेटमध्ये चुंबकं असतात.

आता काकांचं. त्यांना सांगा, ताईंनी तुमचं निम्मं म्हणणं मान्य केलंय. सवय होते, खरंच होते. ट्रॉलरवरचा नवा पोरगा पहिले काही दिवस बादलीला मिठी मारून असतो आणि नंतर त्याच डोलण्यात भाकरी-कालवण खातो. पण त्याला उतरायला जागाच नसते. मेंदूला रात्रंदिवस एकच हेलकावा मिळतो, त्यातून तो शिकतो. शिवाय तिथे हलणं खरं असतं. तुम्ही ओटीवर मळमळ दाबून दहा मिनिटं बसून राहिलात, तर मेंदू हेलकावा शिकणार नाही, तो चष्मा शिकेल, म्हणजे चष्मा आला की ओकायचं हे शिकेल. माझ्याकडे एक बाई यायच्या. दोनदा असं जबरदस्तीने बघितल्यावर त्यांना हेडसेटच्या स्पंजचा वास आला तरी उमासे यायचे, नुसता कपाटातून काढला तरी. सवय लावायची ती मळमळ सुरू व्हायच्या आधी थांबून. बरं वाटत असतानाच चष्मा काढायचा, दुसऱ्या दिवशी परत लावायचा. काकांना हे पुळचट वाटेल. वाटू दे.

मला स्वतःलाही घाटात गाडी लागते, तेव्हा हे सांगणारी फार शूर आहे असं समजू नका. एका प्रदर्शनात मी असाच चष्मा लावला होता. उभ्याने, आणि हाताशी खुर्चीही नव्हती. कड्याच्या टोकावरचं दृश्य आलं, मी एका अनोळखी गृहस्थांच्या खांद्याला गच्च धरलं आणि डोळे मिटले. स्टॉलवाला पोरगा म्हणाला, मॅडम, डोळे मिटू नका, पैसे फुकट जातील. मी म्हटलं, जाऊ देत. डोळे मिटणं हाच पहिला उपाय आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्हीही तेच करायचं. तोंडाला पाणी सुटणं, मधेच जांभया येणं, कपाळावर गार घाम, कानाच्या मागे ऊन ऊन वाटणं, बोलायचा कंटाळा येणं, यांतलं पहिलं जे काही जाणवेल त्याला डोळे मिटा. मग बसल्या जागीच, मिटल्या डोळ्यांनी, चष्मा वर उचला. मग डोळे उघडा आणि लांब बघा, माडांच्या शेंड्यांकडे, समुद्र दिसत असेल तर समुद्राकडे. उठायचं सगळ्यांत शेवटी. तुमचा पाय मुरगळला तो चष्म्याने नव्हे, घाईत उठल्याने. डोळ्यांना ओटी दिसत नव्हती आणि अंगाला पायरी माहीत नव्हती.

म्हणून ओटी नकोच. माजघरात बसा, जिथे पायरी नाही, उंबरा लांब आहे. चार पायांची, हाताची खुर्ची घ्या. प्लास्टिकची मागे कलणारी नको आणि गोल फिरणारी तर मुळीच नको. झोपाळ्यावर बसून लावायची कल्पना कुणी काढली तर त्याला घराबाहेर काढा. चप्पल काढून तळपाय जमिनीला टेकवा. पाय टेकलेले असले की मेंदूला निदान एक खरी खबर मिळत राहते. समोर टेबल फॅन लावा, वारा तोंडावर येईल असा. उकाडा तर आपल्याकडे आहेच, घामाने काचांवर वाफ धरते आणि धूसर चित्राने डोळे ताणतात. पण वाऱ्याचा दुसराही फायदा असा की तो एकाच दिशेने येतो, त्यामुळे आपण कुठे तोंड करून बसलोय ते अंगाला कळत राहतं. पुतण्याला शेजारी बसवा. त्याने बोलत राहायचं, पण अचानक हात लावायचा नाही.

खोलीत उजेड हवा. हे हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली बघून डोकं कुठे आहे ते ओळखतात. संध्याकाळी लाइट गेली की तो आंधळा होतो, चित्र डगमगतं किंवा डोक्याबरोबर वाहत जातं, आणि अशा वाहत्या चित्राने हमखास ढवळतं. लाइट गेली की लगेच काढायचा. आणि काढून उन्हात ठेवायचा नाही. आतली भिंगं ऊन गोळा करून पडदा जाळतात; तुमची ओटी पश्चिमेची असेल तर दुपारनंतर जपा.

पुतण्याने काय लावून दिलंय तेही बघायला हवं. मोबाईल आत सरकवायचा प्लास्टिकचा डबा असेल, तर तो परत द्या. पुठ्ठ्याचा तसला डबा गूगलने २०१४ मध्ये काढला होता आणि २०२१ मध्ये विकायचा बंद केला. तशा डब्याला मान वळलेली कळते, पण डोकं पुढे-मागे सरकलेलं कळत नाही. तुम्ही पुढे सरकता आणि आख्खं जग तुमच्याबरोबर सरकतं. स्वतंत्र हेडसेट असेल तर बहुतेकांत भिंगांमधलं अंतर बदलता येतं, चाक किंवा पट्टी असते. मोठ्या माणसांच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, बायकांचं बहुधा थोडं कमी. पुतण्याने स्वतःच्या डोळ्यांना लावलेलं माप तुमच्यासाठी चुकीचं असू शकतं. चष्म्याच्या दुकानात दोन मिनिटांत हे अंतर मोजून देतात, एकदा घेऊन ठेवा. दूरचा नंबर असेल तर तो चष्मा आत घालून बघा; वाचायची चाळीशी सहसा लागत नाही, कारण आतलं चित्र नाकासमोर असलं तरी भिंगांमुळे डोळ्यांना ते मीटर-दीड मीटरवर असल्यासारखं बघावं लागतं. पट्टा डोक्याच्या मागे खाली, कवटीच्या उंचवट्याखाली बसवा. अर्धा किलोचं वजन गालांवर आलं की डोकं दुखणारच.

नाकावरून आठवलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात काही जणांनी हेडसेटच्या चित्रात मधोमध एक खोटं नाक काढून बघितलं, आपल्याला आपलं नाक दिसत असतं तसं. माणसं जास्त वेळ टिकली, आणि बहुतेकांना नाक आहे हे कळलंही नाही. पुढच्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात आणखी एक युक्ती तपासली गेली. दृश्यात हालचाल सुरू झाली की कडेचा भाग हळूच काळा करायचा, हालचाल थांबली की परत उघडायचा. त्यानेही त्रास कमी झाला. हे आता बऱ्याच ठिकाणी सेटिंगमध्ये असतं, पुतण्याला शोधायला लावा आणि पूर्ण वाढवून ठेवायला सांगा. हेडसेटची ॲप जिथून घेतात त्या ऑनलाइन दुकानात ॲपवर आरामदायक, मध्यम, तीव्र अशी पाटीही असते. तुमच्यासाठी पहिलीच. रोलर कोस्टर कुठल्या पाटीखाली होता ते त्यालाच वाचायला सांगा जरा.

सुरुवात कशी करायची? पहिल्या दिवशी व्हिडिओच नाही. हेडसेटमध्ये बाहेरची खरी खोली दाखवायची सोय असते, ती चालू करून दोन मिनिटं आपलंच माजघर बघा. काढा, पाणी प्या, कामाला लागा. दुसऱ्या दिवशी एखादा स्थिर फोटो, चारी बाजूंचा, तोही दोन-तीन मिनिटं. मान वळवायची ती आरती ओवाळतो त्या वेगाने. बरं वाटलं तर पुढच्या दिवशी मिनिटभर वाढवा. जरा जरी ढवळलं तर त्या दिवशी पुन्हा नाही आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनासुद्धा अर्ध्या तासानंतर दहा-पंधरा मिनिटं विश्रांती घ्या असं बनवणारेच सांगतात. तुम्हांला अर्धा तास गाठायची गरजच नाही. मुलाची केबिन बघायला किती वेळ लागतो?

पोट रिकामं नको, तुडुंबही नको. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक तोंडात ठेवायला हरकत नाही, काहींना थोडा फरक पडतो. लिंबाचा वास आवडत असेल तर घ्या. गाडीच्या गोळीला मात्र माझा नकार आहे. तिने झोप येते, तोल आणखी सैल होतो आणि पायरी तिथेच आहे. शिवाय मेंदूने जे हळूहळू शिकायचं तेच ती दाबून टाकते. घाटातून लग्नाला जायचंय, तेव्हा डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या. घरात बसून व्हिडिओ बघायला गोळी लागत असेल, तर व्हिडिओ बदलायचा.

चष्मा काढल्यावर तासभर तरी स्कूटर नको, विळीवर बसणं नको, विहिरीवर जाणं नको. त्या दिवशी तुमचं डोकं संध्याकाळपर्यंत जड होतं, तेव्हा तुमच्यासाठी तासभराहूनही जास्त. डोकं पूर्ण हलकं होईपर्यंत, असंच धरा.

एवढं सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. चक्कर येताना एकाचे दोन दिसू लागले, बोलणं जड झालं, तोंड वाकडं वाटलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, धरूनही उभं राहता येईना, किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर ते ना चष्म्याचं, ना खड्यांचं. १०८ ला फोन करायचा, लिंबू शोधत बसायचं नाही.

आणि हेडसेटमध्ये नाहीच जमलं तर? तोच व्हिडिओ मोबाईलवर लागतो, बोटाने सरकवून चारी बाजू बघता येतात. पडदा लहान, भोवती आपलं घर दिसतं, म्हणून बहुतेकांना त्रास होत नाही. सरकवणारं बोट तुमचंच, म्हणजे ड्रायव्हरही तुम्हीच. मी तर म्हणेन सुरुवातच तिथून करा. केबिनमध्ये काय कुठे आहे हे आधी माहीत असलं की हेडसेटमध्ये अचंबा कमी होतो.

पण खरा उपाय तुमच्याकडे नाही, मुलाकडे आहे. त्याने व्हिडिओच नव्याने काढायला हवा. स्टँडवर, स्थिर, आणि बोट धक्क्याला लागलेली असताना. चालत्या बोटीवर स्टँड ठेवूनही उपयोग नाही. हे कॅमेरे क्षितिज सरळ ठेवायला बघतात, मग क्षितिज सरळ राहतं आणि बोट तुमच्याभोवती डोलायला लागते. आईला केबिन बघायची आहे एवढंच कळवलंत तर तो पुन्हा चालत चालतच काढेल. म्हणून मजकूर लिहून देते, तसाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा:

"बाळा, तुझ्या व्हिडिओने मला बोट लागली. परत काढ. बोट बंदरात धक्क्याला असेल तेव्हा, कॅप्टनना विचारून. कॅमेरा हातात घ्यायचा नाही, स्टँडवर ठेवायचा, जमिनीपासून पावणेचार फुटांवर, मी खुर्चीत बसते तेव्हा माझे डोळे असतात तेवढ्या उंचीवर. रेकॉर्डिंग सुरू असताना तो हलवायचा नाही. एका जागेचा एक व्हिडिओ, एक मिनिटाचा, जोडून एक करू नकोस. पहिला केबिनचा. तू कॅमेऱ्यापासून चार-पाच फुटांवर बस, फार जवळ येऊ नकोस, डोळे ताणतात. फेऱ्या मारू नकोस, बसून बोल. दुसरा मेसचा. इंजिनरूमचा राहू दे, तिथला आवाज तू फोनवर ऐकवतोसच. आणि मेसमध्ये जेवायच्या वेळीच काढ, ताटात काय वाढलंय ते मला दिसलं पाहिजे."